गोपाळरावांची दोन मिनिटं

आमच्या प्रताप नगरात कोणी गेलं की पहिला फोन डॉक्टरला होतो, दुसरा नातेवाइकांना आणि तिसरा गोपाळराव मोहरिलांना. डॉक्टर फक्त माणूस गेला एवढंच सांगतो. तो केवढा मोठा होता आणि त्याच्या जाण्याने समाजाचं किती नुकसान झालं, हे गोपाळराव सांगतात. घाटावर, माईक हातात घेऊन.

बाहेरगावच्या लोकांना हे थोडं समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे चितेला अग्नी दिला की लोक लगेच घरी पळत नाहीत. तिथेच शेडखाली बाकांवर बसतात आणि शोकसभा होते. चार लोक चार शब्द बोलतात. चार हे म्हणायला. माईक एकदा हातात आला की आमचा माणूस आधी स्वतःबद्दल बोलतो, मग स्वतःच्या गुडघ्यांबद्दल, आणि वेळ उरला तर गेलेल्याबद्दल. शेवटी सगळे उभे राहतात, दोन मिनिटं मौन पाळतात, सभा चालवणारा ‘ओम शांती’ म्हणतो, मागून ‘शांती, शांती’ असा प्रतिसाद येतो आणि जो तो खिशात गाडीची किल्ली चाचपायला लागतो. हा सगळा कारभार कित्येक वर्षांपासून गोपाळरावांकडे आहे. बांधकाम खात्यात होते तेव्हा ते निरोप समारंभाची भाषणं करायचे. रिटायर झाल्यावर निरोपाचा फक्त प्रकार बदलला.

मी ऋषी, त्यांचा शेजारी. या सगळ्यात माझं काम एकच, त्यांना स्कूटरवर मागे बसवून घाटावर नेणं आणि परत आणणं. त्यामुळे त्यांचं जे गुपित साऱ्या प्रताप नगरापासून लपून होतं, ते माझ्यापासून लपणं शक्यच नव्हतं. स्कूटर खड्ड्यात गेली की ते मला ऐकू यायचं.

गोपाळरावांना गॅसचा त्रास आहे. आता गॅस कोणाला नसतो, पण लोकांचा येतो आणि जातो. गोपाळरावांचा मुक्कामाला असतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापून बसवलेले केस, माईकवर पुस्तकातल्यासारखी शुद्ध भाषा, आणि आत मात्र दिवसभर वरात चाललेली. त्यात खाणं पडलं नागपूरचं. सकाळी पोह्यांवर तर्री, म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. दुपारी गोळाभात, त्यातले गोळे हरभऱ्याच्या डाळीचे. संध्याकाळी पाटोडी, ती बेसनाची. एकच हरभरा दिवसातून तीनदा कपडे बदलून येतो आणि आपण तीनदा त्याला या बसा म्हणतो. वर पोट बोललं की पुन्हा आश्चर्य.

भाषण करताना त्यांना अडचण नसायची. पोट गुरगुरलं की ते ‘अजातशत्रू’ हा शब्द जरा जोरात म्हणत. ‘समाजात कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या पोकळीत नेमकं काय भरलेलं आहे हे मला ठाऊक असायचं, म्हणून मी त्या वेळी खाली बघत असे. लोकांना वाटायचं, हा पोरगा फार हळवा आहे.

खरा धोका होता मौनाचा. एवढी माणसं श्वास धरून उभी, कोणी खोकतही नाही, आणि माईक तोंडाशी चालू. अशा वेळी काही झालं तर एका क्षणात आयुष्यभराची अब्रू जायची. म्हणून गोपाळरावांनी साधा उपाय काढला. दोन मिनिटांचं मौन जाहीर करायचं आणि लोकांचे डोळे मिटतात न मिटतात तोच ‘ओम शांती’ म्हणून मोकळं व्हायचं. लोकांनी याचा अर्थ भलताच काढला. काकांना दुसऱ्याच्या वेळेची फार कदर आहे, असं ते म्हणायला लागले. ऑफिसातून तास-दोन तासांची सवलत घेऊन आलेले तर त्यांच्यावर जीव टाकायचे. बोलावणी वाढत गेली.

खरं कारण माहीत असलेला, घरच्यांशिवाय आणि माझ्याशिवाय, एकच माणूस होता. रुपराव झाडे, रिटायर्ड ड्रिल मास्तर. दोघं कामठीच्या शाळेत एका बाकावर बसलेले आणि तेव्हापासून एकमेकांना अरे-बे करणारे. झाडे सर म्हणजे नंबर एकचा वाह्यात माणूस. गोपाळरावांच्या लग्नात यांनी बँडवाल्याच्या हातावर काहीतरी ठेवून सांगून ठेवलं होतं की घोड्यावरच्या नवरदेवाने बूड हलवलं रे हलवलं की पिपाणी वाजव. दोन वेळा वाजल्यावर वऱ्हाडाला मेख कळली. नवरदेव बिचारा लग्नघरापर्यंत पुतळा होऊन बसला. शोभाकाकू आजही सांगतात, मले वाटलं नवरा लकवा मारलेला दिला का काय.

रविवारी सकाळी दोघं तर्री पोहे खायला जायचे आणि मला ओढून न्यायचे. अशाच एका रविवारी, आदल्या दिवशीची शोकसभा डोक्यात ठेवून, झाडे सरांनी विषय काढला.

“गोपाळ, तुह्या मौनात माणसाचे डोळे मिटाच्या आधी ओम शांती होऊन जाते बे. माह्या वेळेस हे चालणार नाही. मले पुरे दोन मिनिट पाहिजे.”

“तू काहून मरून राहिला एवढ्यात?”

“एवढ्यात नाही तर तेवढ्यात. दोन मिनिट म्हंजे दोन मिनिट. मी वरून घड्याळ लावून पाहीन.”

गोपाळरावांनी पोहेवाल्याकडे अजून तर्री मागितली आणि विषय हसण्यावारी नेला. पण पुढच्या हिवाळ्यात झाडे सरांच्या किडन्यांनी दगा दिला. दवाखाना, डायलिसिस, परत दवाखाना असं सुरू झालं. शेवटी शेवटी तर अंगावर फक्त मिश्या तेवढ्या मूळच्या मापाच्या राहिल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी गोपाळरावांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “वचन दे. पुरे दोन मिनिट.”

“काय गा रुपराव, हे बोलाची वेळ आहे का?”

“हेच बोलाची वेळ आहे. दे वचन.”

गोपाळरावांनी दिलं. खिडकीपाशी झाडे सरांच्या पत्नी कुसुमताई उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावून तोंड फिरवलं, खांदे हलत होते. मलाही गलबलून आलं. परत येताना प्रताप नगरच्या चौकात गोपाळराव म्हणाले, “ऋषी, अख्ख्या जिंदगीत या माणसानं मले दुसरं काही मागितलं नाही. आन जे मागितलं ते नेमकं मले जमत नाही.”

त्या दिवसापासून गोपाळरावांनी पोट मनावर घेतलं. ओवा झाला, सैंधव झालं, बेंबीत हिंग झाला. पाण्यात टाकली की फसफसणारी पुडी झाली, तिने आतल्या वरातीला फक्त बेंजो जोडून दिला. डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते. डॉक्टर पन्नास प्रश्न विचारते आन बाहेर कंपाउंडर ऐकते, हे त्यांचं म्हणणं. राहिली ती मेडिकलमधली गॅसची गोळी. ती ते आधीपासूनच घेत होते, आणि ती घेण्याचा त्यांचा प्रकार ऐकण्यासारखा आहे.

एक तर ही गोळी ते प्रताप नगरात घेत नसत. इथल्या प्रत्येक मेडिकलवाल्याच्या घरची कोणाची ना कोणाची शोकसभा त्यांनी चालवलेली. ज्या तोंडाने ‘पुण्यात्मा’ म्हटलं त्याच तोंडाने गॅसची गोळी कशी मागायची? म्हणून मला पार शहराच्या दुसऱ्या टोकाला जरीपटक्याला घेऊन जायचे. तिथल्या बाजाराच्या गर्दीत एका दुकानासमोर मी स्कूटर चालूच ठेवायची, त्यांनी रुमाल तोंडाला लावून ‘ती गुलाबी’ म्हणायचं, पाकीट खिशात घालायचं आणि पळायचं. दुकानदाराला दोन शब्द बोलायची संधी त्यांनी कधी दिलीच नाही.

दुसरं म्हणजे ही गोळी ते अख्खी गिळायचे. ती चांगली बटणाएवढी जाडजूड. डोळे पांढरे करून, वर तांब्याभर पाणी ओतून ते ती खाली ढकलायचे. याला कारण खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून जे आमच्या अर्ध्या नागपूरच्या गालात असतं, ते गोपाळरावांच्याही गालात वीस वर्षं होतं. शोभाकाकूंनी रडून, भांडून, उपास धरून ते सोडवलं आणि कायदा केला की यापुढे जबडा हललेला दिसला तर मी माहेरी. आमच्याकडे चालताना कोणाचं तोंड हलत असेल तर तो खर्राच खातोय हे लहान पोरालाही कळतं, दुसरा विचार कोणी करतच नाही. तेव्हा घाटावर माईक हातात घेऊन चघळत उभं राहणं गोपाळरावांच्या कल्पनेतही बसत नव्हतं. गोळी गिळायची ती त्यामुळे. आणि मग ही गोळी गुण देत नाही म्हणून जरीपटक्याला शिव्या घालायच्या.

झाडे सर एका रविवारी दुपारी गेले. शोभाकाकूंनी त्या दिवशी गोळाभात केला होता, वर फोडणीचं तेल, सोबत चिंचेचं सार. फोन आला तेव्हा गोपाळरावांच्या ताटात तिसऱ्यांदा वाढून घेतलेला भात होता. त्यांनी हात तसाच ताटावर धरला. मग म्हणाले, “तो तिकडं गेला, आन मी इकडं गोळे कुस्करून राहिलो होतो.” काकूंनी त्यांच्या हातावर पाणी घातलं.

संध्याकाळी पाचला घाट. चार वाजता गोपाळराव माझ्या दारात उभे, चेहरा पांढरा, हात पोटावर.

“ऋषी, आत काही खरं नाही. गोळ्या संपल्या. गाडी काढ.”

“काका, जरीपटक्याला जाऊन यायला वेळ नाही. आज रविवार, तिकडे दुकान उघडं असेल नसेल.”

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “चौकातल्या मेडिकलमध्ये चल.” मी त्यांचा शेजारी आहे म्हणून सांगतो, अब्रूपेक्षा मित्र मोठा मानणं म्हणजे काय ते मी त्या क्षणी पाहिलं.

मेडिकलमध्ये भूमिका बसली होती. मालकाची मुलगी, शिकून आता तीच दुकान बघते. गोपाळरावांना पाहून ती उठून उभी राहिली. “काका, या ना. आजोबांच्या वेळेस तुम्ही किती छान बोलले होते. आई अजून आठवण काढते.”

गोपाळरावांचा हात खिशात गेला. रुमाल वर गेला. मग रुमाल खाली आला आणि सरळ, माईकवर बोलावं तसं ते बोलले, “बेटा, मला गॅसची गोळी हवी आहे.”

तिने काही आभाळ कोसळल्यासारखं केलं नाही. ड्रॉवरमधून पाकीट काढलं. “दुसरी कोणती औषधं चालू आहेत का?” नव्हती. “छातीत दुखतंय, घाम, उलटी, असं काही?” तेही नव्हतं. “मग घ्या. पण ही चावून खायची असते बरं का काका. बारीक करून.”

“चावून?”

“हो. तुम्ही काय करता?”

“गिळून राहिलो मी, बेटा. कित्येक वर्षांपासून.”

भूमिकाने ओठ दाबून हसू आवरलं, हे तिचे संस्कार. “म्हणूनच हवा तसा फरक पडला नसेल.”

“चावली का मरते गॅस?”

“मरत नाही काका. पोटात बारीक बारीक बुडबुडे अडकलेले असतात ना, ते एकत्र येऊन मोठे होतात. मग त्यांना बाहेर पडायला सोपं जातं.”

“बाहेर म्हंजे कुठून?”

“जिकडून रस्ता मोकळा असेल तिकडून,” ती म्हणाली. “पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. आणि रोजचाच त्रास असेल तर एकदा डॉक्टरला दाखवा. लाजायचं काय त्यात?”

दुसरं काही सुचायला वेळच नव्हता. गोपाळरावांनी घाटाच्या फाटकाशी गोळी तोंडात टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा चावली. चांगली कराकरा, गाल हलवत. समोरून येणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, “मित्र गेला तर काकांनी परत खर्रा धरला वाटते.” गोपाळरावांनी ते ऐकलं आणि तरी चावत राहिले.

झाडे सरांच्या हाताखाली शिकलेली माणसं घाटावर लोटली होती. कुसुमताईही आल्या होत्या. आता आमच्याकडे बायकाही घाटावर येतात. चितेला अग्नी दिला, भाषणं झाली. एका माजी विद्यार्थ्याने सरांनी मारलेल्या छड्यांचा हिशोब मांडला, एका नातेवाइकाने स्वतःच्या किडनीचा रिपोर्ट सांगितला. मग गोपाळरावांनी माईक घेतला, आणि त्या दिवशी त्यांनी अजातशत्रू म्हटलं नाही, पोकळीही काढली नाही. एवढंच म्हणाले, “रुपराव झाडे माझा मित्र होता. आपण उभे राहून दोन मिनिटं मौन पाळू. पुरी दोन मिनिटं.”

सगळे उठले. गोपाळरावांनी मनगट वर करून घड्याळावर डोळे लावले. मी त्यांच्या शेजारी. लोकांना त्यांच्या मौनाची सवय, त्यामुळे थोड्याच वेळात काहींनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि ओशाळून परत मिटले. गोपाळरावांच्या कपाळावर घाम होता. पोट शर्टाआड हलत होतं, पण आवाज नव्हता. एक मिनिट सरलं. मी मनातल्या मनात त्या गोळीला, भूमिकाला आणि जमतील तेवढ्या देवांना हात जोडले. काटा दुसऱ्या फेरीलाही पूर्ण फिरून आला आणि माझा जीव भांड्यात पडला. जिंकले होते काका. आता फक्त ‘ओम शांती’ म्हणायचं राहिलं होतं.

ते म्हणेनात. मी पाहिलं तर त्यांचे डोळे घड्याळावर नव्हतेच, चितेकडे होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी तोंड उघडलं, आवाज फुटेना. परत उघडलं, तरी नाही. ‘ओम शांती’ म्हटलं की रुपराव गेला, हे बहुधा त्यांना तिथे उभं राहून कळलं. इतकी माणसं त्यांनी पोचवली, पण शब्द घशात अडकायची पाळी कधी आली नव्हती. मौन लांबत चाललं. उभी माणसं पाय बदलायला लागली. मौन सुरू करणाऱ्यानेच ते संपवायचं असतं, त्यामुळे कोणी हलेना आणि कोणी बोलेना.

आणि मग भूमिका म्हणाली होती ते सगळे बुडबुडे एकत्र आले. रस्ता वरचा मोकळा होता. खूप खोलातून आधी एक ‘ओ’ निघाला. तो लांबत, भारदस्त होत, तीनदा वाढून घेतलेल्या गोळाभाताचा जोर घेऊन वर आला. काय होतंय हे कळल्यावर गोपाळरावांनी घाबरून ओठ गच्च मिटले, आणि त्यामुळे त्याला शेवटी बरोबर ‘म’ लागला. माईकने तो इमानदारीने साऱ्या घाटाला ऐकवला.

मागच्या रांगेत धोंडबाजी होते, वस्तीतले सगळ्यात म्हातारे, कानांनी बेताचे. ते हात जोडून मोठ्याने म्हणाले, “शांती, शांती, शांती.” त्यांच्या मागोमाग सगळा घाट म्हणाला. लोकांनी नमस्कार केले, किल्ल्या काढल्या. जाताना एक जण मला म्हणाला, “काकांना आज फार भरून आलं होतं, नाही?” मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं.

गोपाळराव बाकावर बसून राहिले होते, मान खाली. कुसुमताई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पदर तोंडाला, खांदे हलताहेत, अगदी त्या दिवशी दवाखान्यात हलत होते तसेच. गोपाळराव हात जोडून उठले.

“वहिनी, मले माफ करा. रुपरावच्या मौनात मी...”

कुसुमताईंनी पदर खाली घेतला. डोळे लाल होते आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

“कायची माफी, भाऊजी? ह्यायनं पुरे दोन मिनिट मागितले ते त्याच्यासाठीच तर. म्हणत होते, गोपाळ दोन मिनिट थांबला का वाजते म्हंजे वाजतेच. बाकीचे रडतीन, पण कुसुम, तुह्या हासण्याची सोय मी करून जातो.”

गोपाळराव चितेकडे वळले आणि शर्टाच्या बाहीने नाक पुसत म्हणाले, “हलकट. लग्नात वाजवली माही, आन जाता जाताही वाजवून गेला.”